झुंबरमामा गुरुवारी येतो

करारात माझं नाव एकदाच आलंय, पहिल्या पानावर:
हेमलता अर्जुन कुदळे, राहणार धायरी, पुणे,
यापुढे जिचा उल्लेख 'स्वतंत्र सेवा-पुरवठादार' असा करण्यात येईल.
यापुढे म्हणजे अकरा पानं.
अकरा पानं मी स्वतंत्र आहे.

कलम चार सांगतं, कामाची वेळ, जागा आणि पद्धत
सर्वस्वी माझ्या मर्जीची.
मर्जी सकाळी नऊला लॉगिन करते.
नऊ वाजून चार मिनिटांनी ऋत्विक विचारतो, सगळं ठीक ना?
तो माझा साहेब नाही.
करारात साहेब हा शब्दच नाही.
तो नुसता विचारतो.

दहा मिनिटांत एकदा स्क्रीनचा फोटो निघतो,
कधी ते कळत नाही.
म्हणून कुकरच्या शिट्ट्या मी खुर्चीतूनच मोजते
आणि टँकर आला की खाली डोकावतही नाही.
अगदीच उठावं लागलं
तर माऊसखाली अण्णांचं घड्याळ सरकवते.
सेकंदकाटा फिरतो, पडद्यावर बाण थरथरतो,
माझ्या नावापुढचा ठिपका हिरवा राहतो.
पंचवीस वर्षं खडकीच्या कारखान्यात काढली
तेव्हा मिळालेलं घड्याळ.
मागे कोरलंय, निष्ठावंत सेवेबद्दल.

अण्णांच्या मोतीबिंदूला दोन दिवस मागितले.
ऋत्विक म्हणाला, सिस्टीममध्ये अर्ज टाक, मंजुरी येईल.
आली. महिनाअखेरीस बिलातून दोन दिवस गेले.
विचारलं, तर हसला. वाईट नाही हसला,
अगं, रजा नोकरांना असते.
तू तर स्वतंत्र आहेस.

बिल मीच करते,
त्यांनी पाठवलेल्या नमुन्यात,
त्यांनी ठरवलेल्या तारखेला,
त्यांनी ठरवलेल्या आकड्याचं.
खाली सही माझी.

न्हाणीघरातला नळ गळायला लागला.
सोमवारी झुंबरमामाला फोन केला.
गुरुवारी येतो.
आज नाही का जमणार?
आज भाचीच्या पोराचं जावळ आहे ताई,
उद्या पाय दुखणार,
परवा बघतो म्हटलं तर खोटं होईल. गुरुवारी.
आणि फोन ठेवला.
कुणाची मंजुरी नाही. काही नाही.
बादली भरत राहिली तीन दिवस, मी ऐकत राहिले.

गुरुवारी साडेअकराला आला.
मीटिंग चालू होती, कॅमेरा सक्तीचा.
माईक बंद करून, मान न वळवता मी सांगत गेले,
आधी मेन कॉक बंद करा, मग वायसर बघा, पाना असा लावा,
गेल्या वेळी आटे गेले होते.
मामाने पिशवी खाली ठेवली.
ताई, काय गळतंय ते तुम्ही सांगायचं.
ते कसं थांबवायचं, ते माझं.

मी गप्प बसले.
असं बोलायला त्याला
कुठलं कलम लागलं नाही.

मीटिंग संपली तेव्हा आतून हाक आली, बॅटरी धरा जरा.
घड्याळ माऊसखाली सारलं, गेले.
भिंतीतला पाईप पाहिला, त्याच्या मनगटावरचा गंज पाहिला.
साडेसहाशे झाले.
सहाशे देऊ? म्हटलं.
साडेसहाशे, तो म्हणाला, तसाच, न रागावता.

पैसे खिशात घालताना त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं.
अहो, घड्याळ दबलंय.
मी काही म्हणायच्या आत माऊस उचलून बाजूला ठेवला,
घड्याळ कानाला लावलं.
चालतंय की छान. कुणाचं?
वडिलांचं. नोकरीत मिळालेलं.
आणि तुम्ही? नोकरीच का?
नाही, म्हटलं. कंत्राट. स्वतंत्र.
मामा खुलला.
मग आपल्यासारखंच की!

पिशवी खांद्याला लावून तो जिना उतरला.
कुठे निघाला होता, त्याने सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.
ठिपका पिवळा झाला होता.
खाली तीन टिंबं हलत होती,
ऋत्विक काहीतरी टाइप करत होता,
आणि अण्णांचं घड्याळ माझ्या हातात,
नळ बंद झाल्यामुळे
पहिल्यांदाच इतकं मोठ्याने.